राजाच्या धुराड्यातला धूर

पडक्या राजवाड्याची चित्रं काढायला लोक एडिनबराहून इतक्या लांब येतात, याचं मला अजून नवल वाटतं. धड होता तेव्हा इकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. आता उन्हाळा लागला की गाड्या येतात, बायका तळ्याकाठी सतरंज्या अंथरतात, पुरुष वह्या काढून भिंती रेखाटतात, आणि रेखाटून झालं की मला हाक मारतात. राजवाड्याच्या दरवाजावरच्या दोन खोल्यांत मी राहते, त्यामुळे मी त्यांना राजवाड्याबरोबर फुकट मिळते.

"बाई, हा कोणी जाळला?"

याचं उत्तर केर्नलॉख गावात लहान पोरांनाही पाठ आहे. शिपायांनी जाळला. डोंगरी लोकांकडून मार खाऊन पळत आले आणि जाताना आकसानं आग लावून गेले. गावाच्या नगरशेटनं हे उत्तर पहिल्याच दिवशी ठरवलं आणि गावानं ते गोड मानून घेतलं. मला विचारलं तर मी सांगते, थंडीनं जाळला. मग ती मंडळी एकमेकांकडे बघून हसतात, म्हातारी बिचारी वाहवत चाललीय असं ठरवतात, आणि टोपलीतलं कोंबडीचं मांस खायला बसतात. खाऊ देत. पण मी वाहवले वगैरे नाही. मी निनियन ड्युरीची धाकटी मुलगी लिलियस, आणि त्या आगीत मी माझ्या बापाच्या हातात पाण्याचं तस्त दिलं होतं.

आमच्या घराण्याकडे हा राजवाडा सांभाळायचं काम कसं आलं, ते आधी सांगते. तेव्हा आमच्या देशाला स्वतःचा राजा होता. त्याला इंग्लंडची गादी मिळाली आणि तो दक्षिणेला निघाला. निघताना म्हणाला, दर तीन वर्षांनी येईन. मोठ्या माणसाचं बोलणं, त्याला दोर कोण बांधणार? माझ्या खापरपणजोबाला त्यानं दरवाजावरच्या या खोल्या आणि तळ्याकाठचं कुरण दिलं, भाडं माफ. अट एकच. राजाच्या निजायच्या खोलीत पलंग घातलेला असावा, शेकोटीत सरपण रचलेलं असावं, आणि हात धुवायला तस्त व टॉवेल तयार असावा. सरपण दर शनिवारी बदलायचं. पेटवायचं मात्र राजासाठीच. दुसऱ्या कोणासाठी ती शेकोटी पेटली तर खोल्या गेल्या आणि कुरणही गेलं.

राजा त्यानंतर एकदाच आला. दोन रात्री राहिला. खोलीत फार उकडतं म्हणून खिडकी उघडायला लावली, असं आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगत. त्यानंतर शंभरावर वर्षं कोणी आलं नाही. राजे मेले, एकाचं तर मुंडकं उडवलं, गादीवर जर्मनीहून आणलेलं घराणं बसलं. आमच्याकडे दर शनिवारी शेकोटी रचली जात होती. खाली वाळकं झुडूप, त्यावर ओकचे फाटे, वर कोळसा. दुपारी नगरशेटचा माणूस येई, खोलीच्या दारातून बघे, मान डोलवे, आणि आमची बिअर पिऊन जाई.

गावाला मात्र त्याची एक सवय लागली होती. राजाच्या खोलीचं धुराडं दक्षिणेच्या बाजूला, सगळ्यांत उंच. कुठूनही दिसायचं. आमच्याकडे अशक्य गोष्टीला म्हणायचे, "होईल हो, राजाच्या धुराड्यातून धूर निघाला की होईल." उधारी परत कधी देणार, लग्न कधी करणार, छप्पर कधी दुरुस्त करणार, सगळ्याला हेच उत्तर. आणि बोलता बोलता माणूस सहज वर बघायचा. थट्टेतही बघायचा.

माझ्या बापाला ही थट्टा चालत नसे. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हा बहिणींवर कधी हात उगारला नाही, दारू प्यायला नाही, आई गेल्यावर दुसरं लग्न केलं नाही. त्याला फक्त आपल्या कामाचा गर्व होता. गादीवर कोण असावं यावरून गावात मारामाऱ्या व्हायच्या, तेव्हा तो म्हणायचा, "राजा कोण ते ठरवणं माझं काम नाही. माझं काम शेकोटी." असा माणूस घरात असला की भांडायचीही सोय नसते. त्याचं सगळं बरोबरच असतं.

मी सतरा वर्षांची असताना तो हिवाळा आला. आमच्याकडचे म्हातारे अजून त्याला नुसतं 'ते गारठ्याचं वर्ष' म्हणतात. तळं तळापर्यंत गोठलं. पाणचक्क्या थांबल्या, म्हणून पीठ नाही. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, रस्ते बर्फानं बुजले, म्हणून सरपण नाही. पाखरं फांदीवरून दगडासारखी खाली पडायची. माझी थोरली बहीण बेथिया तेव्हा आमच्याकडे होती. तिचा नवरा जहाजावर गेला होता आणि ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

आम्ही घरातलं जाळायला लागलो. आधी कोंबड्यांचं खुराडं, मग बाक, मग आईचा चरखा. शेवटी उरला तो पाळणा. बापानंच शरद ऋतूत बसून केला होता, बाजूला छान वेलबुट्टी कोरली होती. तो त्यानं स्वतः कुऱ्हाडीनं फोडला. बेथिया अंथरुणातून बघत होती.

"पोराला निजवायचं कुठे आता?" ती म्हणाली.

"माझ्या कुशीत," मी म्हटलं.

"तू तर झोपेत लाथा मारतेस," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. तिचं हसणं मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

पाळणा एका संध्याकाळपुरता पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण युफेम बर्फातून कशीबशी आली. तोंडाची फाटकी, पण हाताला यश असलेली बाई. आमच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या ती थबकली. भिंतींना आतून बर्फ धरला होता.

"इथे?" ती म्हणाली. "इथे मी गाभण मेंढीसुद्धा ठेवायची नाही. निनियन, पलीकडे राजाची खोली आहे ना? चार हात जाड भिंती, पडदे असलेला पलंग, आणि रचलेली शेकोटी. चल, उचल पोरीला."

बाप दारात उभा होता. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्यानं हातात घट्ट धरला होता.

"ती खोली राजाची आहे," तो म्हणाला.

"राजाला काय कळतंय?"

"राजाला नाही कळणार. धुराड्याला कळेल. सगळं गाव बघेल. संध्याकाळपर्यंत आपण या खोलीतून बाहेर, आणि ही अशी ओली बाळंतीण घेऊन मी या गारठ्यात जाऊ कुठे? सांग ना, कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "मग खोली राहू दे. नुसतं सरपण इकडे आणू. धूर आपल्याच धुराड्यातून निघेल."

"आज शुक्रवार आहे," बाप म्हणाला. "उद्या नगरशेटचा माणूस बघायला येणार. रिकामी शेकोटी दाखवू? परत रचायला गावात काटकी तरी आहे का?"

त्याचं सगळं बरोबर होतं. म्हटलं ना.

मग मी नगरशेटकडे धावले. वॉल्टर क्रेगी तेव्हा चाळिशीचा, ताग आणि लोणी विकून गब्बर झालेला. त्याच्या घरी शेकोटी पेटलेली होती, पुढ्यात गरम लापशी होती. मी सगळं सांगितलं. परवानगी द्या, एका दिवसापुरती द्या, म्हणून हात जोडले. त्यानं चमचा खाली ठेवला, चेहऱ्यावर कळवळा आणला.

"लिलियस, माझ्या हातात असतं तर आत्ताच दिली असती गं. पण ही राजाची बाब आहे. मी एडिनबराला लिहितो. रस्ते मोकळे झाले की उत्तर येईल."

"तोवर ती मरेल."

"तसं नको म्हणू. आणि हे बघ, समज मी हो म्हटलं. आणि समज नेमका आजच राजा आला तर?"

तो चेष्टा करत नव्हता. शंभरावर वर्षं न आलेला माणूस नेमका आज, कंबरभर बर्फातून येईल, ही भीती त्याच्या डोळ्यांत खरी होती. त्यानं मला जाताना वाटीभर लापशी देऊ केली. मी घेतली नाही, आणि त्याचा पश्चात्ताप मला वाटेतच झाला, कारण बेथियानं ती खाल्ली असती.

मूल संध्याकाळी झालं. मुलगा होता. रडला, पण मांजरासारखा, बारीक. युफेमनं त्याला आपल्या चोळीत, उरापाशी धरलं, मी बेथियाला पाठीमागून मिठी मारून बसले. बापानं आपला कोट काढून दोघींवर घातला आणि स्वतः सदऱ्यावर रात्रभर दाराशी उभा राहिला. हेही सांगायला हवं. पहाटे पोर गार झालं. बेथियाला ताप भरला, ती तीन दिवस बडबडत होती, आणि त्या बडबडीत एकच मागणं होतं. "दार लावा गं. वारा येतोय." दार लावलेलंच होतं.

ती गेली तेव्हा जमीन इतकी गोठली होती की पहारीनं खड्डा होईना. म्हणून बर्फ वितळेपर्यंत मायलेकांची पेटी राजवाड्यातल्या प्रार्थनाघरात ठेवली. त्याला नगरशेटची लगेच परवानगी मिळाली. मेल्यावर माझ्या बहिणीला राजवाड्यात जागा झाली, कारण आता तिला शेकोटी लागत नव्हती.

पुढच्या शनिवारी बापानं राजाच्या खोलीतलं सरपण काढलं, झटकलं, आणि पुन्हा रचलं. नगरशेटचा माणूस आला, दारातून बघून गेला. त्या दिवशी आमच्याकडे बिअर नव्हती, म्हणून तो जरा नाराज झाला.

त्यानंतर मी बापाशी कामापुरतं बोलले. सहा वर्षं. ओटच्या भाकऱ्या भाजल्या, कपडे धुतले, कुरणातली गाय पाहिली. त्यानंही कधी विषय काढला नाही. फक्त एकदा, पाळण्याची वेलबुट्टी कोरायची ती छोटी पटाशी मी त्याला तळ्यात फेकताना पाहिलं.

मग जुन्या घराण्याचा राजपुत्र उत्तरेत उतरला आणि डोंगरी लोकांनी त्याच्यासाठी तलवारी उपसल्या. आमच्या गावाची पंचाईत झाली. राजपुत्राची माणसं टोपीला पांढरी फीत लावायची, लंडनच्या राजाची काळी. नगरशेट क्रेगीच्या एका खिशात पांढरी आणि दुसऱ्यात काळी असायची. रस्त्यात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की तो आधी खिडकीतून बघायचा आणि मगच खिशात हात घालायचा. असं तळ्यात-मळ्यात करत त्यानं शरद ऋतू काढला.

पुढच्या जानेवारीत शेजारच्याच मैदानात लढाई झाली आणि लंडनच्या राजाच्या फौजेनं सपाटून मार खाल्ला. गारांच्या पावसात भिजलेले, चिखलानं माखलेले शिपाई दिवस मावळताना आमच्या दाराशी आले. बरोबर त्यांच्या बायका, पोरं, जखमी. अधिकाऱ्यानं बापापुढे हात केला.

"किल्ल्या."

"तुम्ही राजाची माणसं, तुमच्यासाठी राजवाडा उघडा आहे," बाप म्हणाला. "फक्त दक्षिणेकडची एक खोली सोडा. तिथली शेकोटी..."

"बरं बरं," अधिकारी म्हणाला, आणि जुडगा घेऊन आत गेला. त्यानं एक अक्षर ऐकलं नव्हतं. मला ते दिसलं. बापाला दिसलं नाही, कारण आपल्या कामाबद्दल सांगितलेलं कोणी न ऐकेल हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं.

सकाळी गारा थांबल्या. मी चुलीशी होते. बाप खिडकीत उभा होता आणि त्याच्या घशातून काहीतरी चमत्कारिक आवाज निघाला. मी जाऊन पाहिलं. राजाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"आला," बाप म्हणाला.

"कोण आला?"

"लिलियस, माझा धुतलेला सदरा काढ."

राजघराण्यातलं कोणीतरी फौजेला येऊन मिळणार, अशी बोलवा गावात होतीच. आणि ती खोली सोडा असं स्वतः बजावल्यावर तिथे दुसरं कोण शेकोटी पेटवणार? बापानं सदरा घातला, केस ओले करून विंचरले. मी त्याला इतका आनंदात माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. मी तस्तात गरम पाणी ओतलं, टॉवेल त्याच्या दंडावर टाकला.

तेवढ्यात गावातली घंटा वाजायला लागली. संकटाची नव्हे, सणाची. सगळ्या गावानं वर पाहिलं होतं. आयुष्यभर थट्टेत बघत आले, आज खराच धूर. आमच्या दारातून रस्ता दिसतो. लोक रविवारचे कपडे चढवत बाहेर पडत होते. बायका पोरांची नाकं पुसत होत्या. धूर दाट होत गेला तसा त्यांचा आनंद वाढत गेला.

"अगं, किती ते सरपण लावलंय!" कोणीतरी म्हणत होतं. "मोठाच लवाजमा दिसतोय."

"आता छप्पर दुरुस्त कर म्हणावं," कोणी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

नगरशेट क्रेगी लाल झगा घालून पुढे होता, दोन्ही हात दोन खिशांत. आतून पळत येणाऱ्या पहिल्या शिपायाला त्यानं वाकून नमस्कार केला.

"पाणी!" शिपाई ओरडला. "पाणी आणा!"

"निनियन, पाणी मागतायत," क्रेगी म्हणाला. "हो पुढे. सांडू नको."

आणि माझा बाप पुढे झाला. दोन्ही हातांत तस्त, दंडावर टॉवेल, मान खाली. त्या आगीवर गावानं नेलेलं पहिलं पाणी ते. राजाचे हात धुवायचं.

मी मात्र वर बघत होते. धुराड्याच्या तोंडातून जळक्या काटक्या उडत होत्या. कावळे कलकलाट करत भोवती फिरत होते. शंभरावर वर्षं न पेटलेलं धुराडं. ते झाडणार कोण आणि कशाला? वरपासून खालपर्यंत कावळ्यांनी पिढ्यान् पिढ्या घरटी भरून ठेवली होती. शेकोटी पेटली, धूर कोंडला, शिपायांनी भाल्यानं वाट केली, आणि मग ते सगळं धुराडं आतून पेटलं. ठिणग्या छपराच्या जुन्या लाकडांत गेल्या. मी पाहत असतानाच पन्हाळींतून छपरावर मढवलेलं शिसं वितळून ठिबकायला लागलं.

"आग लागलीय," मी म्हटलं. मग ओरडले. कोणी वळून पाहिलं नाही. दारातून कोणीतरी बाहेर येत होतं, आणि सगळं गाव एकदम गुडघ्यावर बसलं.

ती एक बाई होती. विशीबाविशीची, तोंडावर काजळी, पायात पुरुषाचे बूट. एक शिपाई तिला खांद्याला धरून चालवत होता. तिच्या हातात राजाच्या पलंगावरची लाल मखमली रजई होती आणि रजईत एक ओलं, लालबुंद, नुकतं जन्मलेलं पोर. ते ठणठणीत रडत होतं.

गावाकडे बघून ती चक्रावली. "काय झालं यांना?" ती नवऱ्याला म्हणाली. "उठा हो. चिखलात काय बसलाय? आत आग लागलीय."

क्रेगी गुडघ्यावरच होता. त्याच्या एका मुठीत पांढरी फीत होती आणि दुसऱ्या मुठीत काळी, आणि कोणती लावायची हे त्याला तेव्हाही कळलं नाही. मग कोणीतरी किंचाळलं, आणि लोक बादल्यांसाठी घराकडे पळाले. रविवारचे कपडे सावरत. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बादल्या आल्या तेव्हा दक्षिणेकडचं छप्पर खाली आलं होतं.

माझा बाप हातात तस्त घेऊन त्या शिपायासमोर उभा होता.

"शेकोटी कोणी पेटवली?"

"मी," शिपाई म्हणाला. "बायको अडली होती. खोली बर्फासारखी. सरपण रचून तयार होतं, मी चकमक झाडली."

"कोणाला विचारलंत?"

उर्मटपणा नव्हता त्या शिपायात, त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "विचारायचं काय त्यात, बाबा?" तो म्हणाला.

बापानं तस्त खाली ठेवलं. मला वाटलं, आता तो कोसळेल. आता तरी त्याला दिसेल की सहा वर्षांपूर्वी इतकंच करायचं होतं. चकमक झाडायची होती. पण तो पुढे झाला, त्यानं त्या पोराच्या अंगावरची रजई हलकेच सोडवली, काढून घेतली, आणि घडी घातली. "ही राजाची आहे," तो म्हणाला.

पोर गारठ्यात उघडं पडलं. मी माझी शाल काढली आणि त्याला गुंडाळली. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी. ती खोली कोणाची होती हो?"

"कोणाचीच नाही," मी म्हटलं.

दुपारपर्यंत फौज पुढे निघून गेली. माझी शालही गेली. राजवाडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जळत होता. त्याच संध्याकाळी नगरशेटनं चौकात सांगितलं की शिपायांनी आकसानं आग लावली. दुसरं सांगणार काय? गाव घंटा वाजवत, झगे घालून, जळत्या घराला मुजरा करायला गेलं होतं, हे? सगळ्यांनी माना डोलावल्या. बापाला विचारलं तेव्हा तोही काही बोलला नाही. आता क्रेगीचा नातू पाहुण्यांना तीच गोष्ट सांगतो, वर पदरचं तिखटमीठ लावून.

मी मात्र त्या दिवसापासून एकच हिशेब मनात फिरवत असते. शेकोटी गारठ्याच्या वर्षी पेटवली असती तरी हेच झालं असतं. तीच घरटी, तेच छप्पर. राजवाडा तसाही गेलाच असता. फक्त सहा वर्षं आधी गेला असता, आणि दारातून रजईत पोर घेऊन बेथिया बाहेर आली असती.

बाप पुढे अकरा वर्षं जगला. छप्पर नसलेल्या खोलीत, उघड्या आभाळाखाली, तो दर शनिवारी शेकोटी रचत राहिला. पाऊस पडला की सरपण काढून वाळवायचा, परत रचायचा. आणि नगरशेटचा माणूसही येत राहिला, दारातून बघायला. दाराची नुसती चौकट उरली होती, तरी तो तिथेच थांबायचा. आग शिपायांनी आकसानं लावली असं ठरल्यामुळे शेकोटी कोणासाठी पेटलीच नव्हती, म्हणून आमच्या खोल्या आणि कुरण शाबूत राहिलं. अटीत छपराबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याचं शेवटचं आजारपण हिवाळ्यात आलं. घरात कोळसा होता, मी तो भरपूर जाळला, तरी त्याची हुडहुडी जाईना. दात वाजत होते. मी पेटीतून ती लाल रजई काढली. खरं सांगते, मला त्याला ऊब द्यायची होती, पण त्याहून जास्त मला ते बघायचं होतं. स्वतःवर वेळ आली की तो ती अंगावर घेतो का, हे मला बघायचं होतं. घेतली असती तर मी त्याला मरेपर्यंत आणि मेल्यावरही शिव्या दिल्या असत्या. मी त्याची वाट बघत होते.

रजई अंगावर पडताच त्यानं डोळे उघडले. हातानं चाचपली. मखमल ओळखली.

"काढ," तो म्हणाला.

"बाबा, तुम्हाला थंडी वाजतेय."

"वाजू दे. ती राजाची आहे."

मी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला, कुडकुडतच. ज्यानं माझ्या बहिणीला थंडीत मरू दिलं, तो स्वतःही तसाच मेला. रागवावं तर कोणावर? माझ्याजवळ इतक्या वर्षांचा एवढाच एक राग होता, तोही तो जाताना पांगळा करून गेला.

पाहुणे कधी कधी विचारतात, राजवाड्यातलं काही उरलंय का, एखादं भांडं, एखादं वस्त्र? मी सांगते, सगळं जळालं. मग ते हळहळतात आणि भिंती रेखाटायला जातात. रजई आहे. गेल्या हिवाळ्यात, खूप बर्फ पडत होता तेव्हा, माझी मांजर व्यायला जागा शोधत घरभर फिरत होती. मी पेटी उघडली, रजईची घडी मोडली, ती शेकोटीजवळ अंथरली आणि कोळसा वाढवला. चार पिल्लं झाली. चारही जगली.